महूजवळचा दोन दिवसांचा ‘सेक्शन कमांडर’ वर्ग: लाइन लीडरना पाठवावं का?

पाठवावं. जमलं तर त्यांच्या साहेबांनाही बरोबर पाठवावं. सेक्शन म्हणजे पायदळातली दहा जणांची छोटी तुकडी; ती कशी चालवायची ते दोन निवृत्त फौजी इथे कारखान्यातल्या लोकांना शिकवतात. का, ते पुढे येईलच.

मी पिथमपूरच्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते. घर इंदूरला, लोकमान्य नगरात. रोज राऊवरून कंपनीच्या बसने ये-जा. आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर काढतात. प्रेस शॉपमध्ये प्रत्येक लाइनवर आठ-दहा ऑपरेटर आणि त्यांच्यावर एक लाइन लीडर. हा लाइन लीडर कालपर्यंत त्यांच्यातलाच एक असतो. हात चांगला चालतो, सुट्ट्या कमी घेतो, म्हणून त्याला वेगळ्या रंगाची टोपी मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून कालच्या मित्रांकडून काम करून घ्यायची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. ते कसं करून घ्यायचं हे त्याला कुणी शिकवत नाही. मग एक तर तो ओरडायला लागतो, नाही तर सगळ्यांचं काम स्वतःच ओढत बसतो. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत आणि दोन्ही प्रकारच्या माणसांसाठी मला वाईट वाटत आलंय.

याआधी आम्ही त्यांना एका हॉटेलातल्या कार्यक्रमाला पाठवायचो. थंडगार हॉल, पडद्यावर बाण आणि वर्तुळं, शेवटी फोटो. वक्ता चांगला बोलायचा, पण त्याने कधी दहा माणसांची पाळी चालवलेली नव्हती, आणि हे आमच्या लोकांना पाच मिनिटांत कळायचं. महूच्या या वर्गाचं नाव आमच्या शेजारच्या फाउंड्रीतल्या बाईंनी सुचवलं. आमचे लाइन लीडर आणि प्रत्येकाच्या लाइनवरचा एक जोडीदार अशी तुकडी घेऊन मी स्वतः गेले आणि दोन्ही दिवस त्यांच्यातच बसले.

वर्ग चालवणारे दोघे. एक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीत काही वर्षं महूच्या इन्फन्ट्री स्कूलला होते, मुलं इथल्या शाळेत रुळली, मग इथेच घर बांधलं. दुसरे सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलातून, निवृत्त झालेले नायक, मुरैन्याकडचे, वयाने लहान आणि आवाजाने मोठे. आमच्यापैकी कुणीतरी सकाळी ‘साहेब’ म्हणून हाक मारली, तेव्हा हवालदारांनी लगेच थांबवलं. “साहेब म्हणजे नायब सुभेदारापासून वर. आम्हाला उस्ताद म्हणायचं.” पलटणीत शिकवणाऱ्या नायक-हवालदाराला उस्तादच म्हणतात. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे त्यांना उस्तादच म्हणत होतो, मीही.

जागा महूच्या पुढे जानापावच्या बाजूला, भाड्याच्या शेतावर. एक पत्र्याची शेड, एक मोठं चिंचेचं झाड, बाकी मोकळं रान. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी. नाश्त्याला पोहे आणि वर शेव, दुपारी लंगरचं वरण, भाजी, पोळ्या. ताट ज्याचं त्याने धुवायचं. जेवण साधं पण गरम आणि पोटभर. रांगेत दोन्ही उस्ताद सगळ्यात शेवटी उभे राहायचे, आपली माणसं जेवल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही म्हणून. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. आमच्या लीडरांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तेही मागे जाऊन उभे राहिले.

या वर्गातला सगळ्यात मोलाचा तास हातमोज्यांचा. येण्याआधीच निरोप होता: तुमच्या लाइनवरच्या प्रत्येकाचे वापरलेले हातमोजे घेऊन या, आत नाव लिहून. आम्हाला वाटलं काही खेळ असेल. उस्तादांनी जमिनीवर कांबळं पसरलं आणि पलटणीत किट मांडतात तसे एका लीडरचे सगळे मोजे जोडीजोडीने मांडायला लावले. मग गुडघ्यावर बसून एकेक जोडी उलटीपालटी करून बघू लागले. घाई नाही. एका उजव्या मोज्यापाशी थांबले. अंगठ्याच्या बुडाशी चामडं पातळ होऊन त्याला बोटभर चीर गेलेली. बाकी मोजा नव्यासारखा. “हा इथेच का झिजला?” लीडरला सांगता येईना. “याची उंची किती?” ठेंगणा आहे, लीडर म्हणाला. “पत्र्याची थप्पी कुठपर्यंत येते त्याच्या?” लीडरने आपल्या छातीशी हात धरला, मग तोच हात हळूहळू वर नेला, आणि गप्प झाला. थप्पी त्या ठेंगण्या माणसाच्या खांद्याला लागते, म्हणून तो वरचा पत्रा ओढताना अंगठा कडेखाली घालतो, आणि कड तिथेच घासते. अजून काही आठवडे गेले असते तर चीर चामड्यातून हातात गेली असती. हे आमच्या सेफ्टीच्या फॉर्मवर कुठेच नव्हतं. फॉर्मवर ‘हातमोजे: होय’ एवढंच होतं.

मग उस्तादांनी सांगितलं की मोठ्या चालीनंतर मुक्कामाला पोचलं की सेक्शन कमांडरचं पहिलं काम माणसांचे पाय बघणं. बूट काढा, मोजे काढा, तळवे दाखवा. फोड कुणाला आलाय, कोण लपवतोय. जवान आपणहून सांगत नाही, कारण त्याला मागे राहायचं नसतं. कॅप्टनसाहेबांना सव्वाशे जणांचे पाय बघता येणार नाहीत. नायकाला दहा जणांचे बघता येतात, आणि त्याच तंबूत झोपत असल्यामुळे कुणाच्या पायाला काय होतं हे त्याला आधीच ठाऊक असतं. जगातल्या कुठल्याही चांगल्या सैन्यात दंडावर दोन फिती लावणाऱ्या माणसाचं, म्हणजे नायकाचं, काम इथून सुरू होतं, असं ते म्हणाले, आणि मला ते पूर्ण पटलं.

दुपारनंतर सँड मॉडेल. वाळूच्या चौकोनात आमचं प्रेस शॉप उभं केलं: काड्यापेट्या म्हणजे प्रेस, रांगोळीच्या रेघा म्हणजे फोर्कलिफ्टचे रस्ते, निळी पूड म्हणजे तेल सांडतं ती जागा. प्रत्येक लीडरने मॉडेलपाशी उभं राहून आपल्या सेक्शनला पाळीचा हुकूम द्यायचा. क्रम ठरलेला: खबर, मकसद, तरीका, मग इंतजाम, आणि शेवटी “कोई शक?” हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प उभं राहायचं, पुढच्या कामाला पळायचं नाही. आमचे लोक मकसदवर अडायचे. “आज चौदाशे नग काढायचे” हा मकसद नाही, मुरैन्याच्या उस्तादांनी सांगितलं. का काढायचे? उद्या सकाळी गिऱ्हाइकाची गाडी लागणार आहे म्हणून. हे ‘का’ माणसाला ठाऊक असलं तर तुम्ही नसलात तरी तो योग्य ते करेल.

आणि हे नुसतं सांगून ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून पाण्याने भरलेले ड्रम दोर आणि बांबूंनी पलीकडे न्यायचे होते. सेक्शन कामाला लागलं, जरा लय आली, की उस्ताद येऊन लीडरच्या खांद्यावर हात ठेवायचे: “तुम्ही गेलात.” लीडरने तिथेच आडवं व्हायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिल्या सेक्शनचा ड्रम मध्येच थांबला आणि सगळे आडव्या पडलेल्या लीडरच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या सेक्शनमध्ये आमच्याच वेल्डिंगच्या एका पोराने, जो एरवी मान वर करून बोलत नाही, दोर हातात घेतला आणि म्हणाला, “बांबू सोडू नका, मी आकडा म्हणतो.” त्याच्या लीडरने सकाळी हुकूम देताना पूर्ण बेत सगळ्यांना सांगितला होता. पहिल्याने फक्त ज्याचं त्याचं काम सांगितलं होतं. फरक एवढाच होता, आणि तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला. मी त्या पहिल्या सेक्शनमध्ये बांबूच्या टोकाला होते. काय करायचं ते मलाही सुचलं नव्हतं.

यानंतर चिंचेखाली बसवून हवालदार-उस्तादांनी आपल्या रेजिमेंटचे नायक यशवंत घाडगे सांगितले. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. घाडग्यांचं सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडलं. कमांडर घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे माहीत असताना ते एकटे मशीनगनवर धावले. हातबॉम्बने गन आणि चालवणारा दोन्ही संपवले, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच जिंकलेल्या जागेवर पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचं स्मारक आहे. उस्तादांचा आवाज हे सांगताना चढला नाही. ते म्हणाले, “शौर्याचं सगळेच सांगतात. मला विचाराल तर बघायची गोष्ट वेगळी आहे. मागे कुणी नाही, हुकूम द्यायला वर कुणी नाही, आणि तरी काय करायचं ते या माणसाला ठाऊक होतं. ते त्या दिवशी सुचलेलं नाही. रोजच्या सरावातून आलेलं आहे.”

नायक जदुनाथ सिंहांची गोष्टही त्यांनी त्याच अंगाने सांगितली. ६ फेब्रुवारी १९४८, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराजवळचं तैनधार, राजपूत रेजिमेंटची पहिली बटालियन, नऊ जणांची पुढची चौकी. लागोपाठ हल्ले. दुसऱ्या हल्ल्यानंतर चौकीत जखमी नसलेला कुणी राहिला नाही. जदुनाथ सिंहांनी जखमी गनरची ब्रेनगन स्वतः घेतली, आणि तिसऱ्या हल्ल्याला स्टेनगन घेऊन एकटे बाहेर पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्याच वर्षी टिथवालच्या रिछमार गलीत लान्स नायक करम सिंहांनी हल्ल्यामागून हल्ले परतवले. त्यांना परमवीरचक्र हयातीत मिळालं. एक फीत, दोन फिती. अशा नावांची यादी आपल्याकडे मोठी आहे.

मला यात एक आकडा सारखा दिसत राहिला. तैनधारला नऊ. आजच्या आपल्या पायदळाच्या सेक्शनमध्ये दहा. ब्रिटिश सेक्शन आठाचं, अमेरिकी लष्कराचं स्क्वॉड नऊचं. आणि शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. सतराव्या शतकात सह्याद्रीत कुणीतरी माणसं मोजली आणि आकडा आला तो आजच्या आकड्याच्या आसपासच. कारण बंदूक बदलली तरी माणसाचा आवाज तेवढाच राहिला. मुरैन्याच्या उस्तादांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: “नायक की आवाज़ जहाँ तक जाए, वहीं तक उसका सेक्शन.” आमच्या एका लाइनवर ऑर्डर वाढली म्हणून सतरा माणसं एका लीडरखाली दिलेली आहेत. प्रेसच्या आवाजात त्याला सातव्या माणसापर्यंतही ओरडून पोचता येत नाही. परतल्यावर पहिला अर्ज मी त्याचाच केला: लाइन दोन सेक्शनमध्ये तोडा, दुसरा लीडर नेमा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘देश-देश की फीती’ असा एक तास आहे. फळ्यावर हिरव्या कापडात कापलेल्या फिती लावलेल्या, एकेका देशाची एक ओळ. आमच्या लोकांना हा तास गमतीचा वाटेल असं मला वाटलं होतं. पण खरं शिक्षण इथे झालं, कारण प्रत्येक ओळीमागचा प्रश्न आमच्याच कारखान्यातला निघाला: या माणसावर किती विश्वास टाकायचा?

आपल्याकडे एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. रणगाड्यांच्या रेजिमेंटांत हेच दर्जे घोडदळाच्या जुन्या नावांनी चालतात, तिथे हवालदाराचा दफेदार होतो. नौदलात नायकाच्या बरोबरीला लीडिंग सीमन, हवाई दलात कॉर्पोरल. पायदळात सेक्शन हवालदाराकडे किंवा नायकाकडे असतं, आणि प्लॅटून, म्हणजे काही सेक्शन मिळून झालेली तुकडी, पुष्कळदा सुभेदारांकडे. अधिकारी आणि हवालदार यांच्यामधली ही नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजरांची फळी भारतीय उपखंडाची खासियत, इंग्रजांच्या काळापासूनची. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि त्यांच्या महूच्या नोकरीतच १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला; त्यामुळे ‘सुभेदार’ या शब्दाला या गावात वेगळाच मान आहे. पण हवालदार-उस्तादांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली: वर इतके थर असले की नायक निर्णय वर ढकलायला शिकतो. मी तेव्हा आमचा तक्ता आठवत होते. लाइन लीडर, सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज, शॉप मॅनेजर.

ब्रिटिशांकडे आठ जणांचं सेक्शन कॉर्पोरल चालवतो, दोन फितींचा. त्याच्या हाताखालचा लान्स कॉर्पोरल अर्ध्या सेक्शनचा, म्हणजे चौघांचा, प्रमुख. कॉर्पोरल होण्यासाठी पायदळातल्या माणसाला वेल्समध्ये ब्रेकनला जाऊन सेक्शन कमांडरचा कठीण अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तोफखान्यात याच कॉर्पोरलला बॉम्बार्डियर म्हणतात. राजघराण्याच्या पहाऱ्यावरच्या फूट गार्ड्स पलटणींमध्ये तो लान्स सार्जंट होतो आणि त्याच्या दंडावर तीन फिती असतात, त्यामुळे नुसत्या फिती मोजून माणूस ओळखता येत नाही.

अमेरिकेची ओळ आली तेव्हा शेड गप्प झाली. अमेरिकी लष्करात स्पेशलिस्ट आणि कॉर्पोरल हे एकाच वेतनश्रेणीत आहेत, ई-४. मूळ पगार सारखा. स्पेशलिस्ट कामात वाकबगार असतो, पण तो एनसीओ, म्हणजे आपल्या नायक-हवालदारांसारखा माणसांवर हुकूम चालवणारा, नाही. कॉर्पोरल एनसीओ आहे: माणसं त्याची, हुकूम त्याचा, जबाब त्याला द्यावा लागतो. आमच्या डाय सेटिंगच्या लीडरने हात वर केला. “उस्ताद, पगार तोच असेल तर कॉर्पोरल व्हायचं कशाला?” हवालदार-उस्तादांनी उलट विचारलं, “तुमच्या लाइनवर सगळ्यात चांगला हात कुणाचा?” त्याने नाव सांगितलं. “त्याला लीडर का नाही केलं?” तो माणूस लोकांशी नीट बोलत नाही, एकटा काम करतो. “मग त्याला चांगला कारागीर म्हणून मान द्या, दर्जा द्या, पैसे द्या. माणसं देऊ नका.” आमच्याकडे बढती म्हणजे लीडर होणं, दुसरी वाटच नाही. त्यामुळे उत्तम कारागीर जातो आणि नाखूश लीडर मिळतो. या एका गोष्टीसाठी मी आमच्या एचआर प्रमुखांना या तासाला बसवायला तयार आहे.

अमेरिकी मरीन कोअरमध्ये, म्हणजे समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या त्यांच्या वेगळ्या दलात, लान्स कॉर्पोरल अजून एनसीओ नसतो. कॉर्पोरल झाला की होतो, आणि निळ्या समारंभी गणवेशाच्या पँटला लाल पट्टा तेव्हाच लागतो. त्यांचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी १९९९ साली मांडलं की पुढच्या लढायांत एकाच शहरात एका गल्लीत मदत वाटप, दुसऱ्या गल्लीत दोन गटांना दूर ठेवणं आणि तिसऱ्या गल्लीत लढाई चाललेली असेल, आणि तिथे एका कॉर्पोरलच्या निर्णयाचा परिणाम देशाच्या धोरणापर्यंत जाईल. म्हणून त्याला तसं शिकवा आणि तसा अधिकार द्या.

फ्रान्समध्ये कॉर्पोरल आणि कॉर्पोरल-शेफ दोघंही अजून साध्या सैनिकांतच धरतात; तिथे एनसीओची पायरी सार्जंटपासून. जर्मनीने २०२१ मध्ये कॉर्पोरल आणि श्टाब्सकॉर्पोरल हे दोन नवे दर्जे काढले तेही सैनिकांच्याच वर्गात, म्हणजे वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या जवानाला वर जायला जागा मिळावी म्हणून. इस्रायलमध्ये सक्तीच्या सेवेतली विशीच्या आतबाहेरची मुलं-मुली छोट्या तुकड्यांची प्रमुख होऊन नव्या भरतीला शिकवतात. हे ऐकून आमच्या असेंब्लीतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून ताठ बसल्या. पॅकिंगला आमच्याकडे सगळ्या बायका आणि लीडर पुरुष. तेही आता मी लावून धरलंय.

रशियाची ओळ छोटी होती पण बरंच सांगून गेली. सोव्हिएत काळात सार्जंट बहुतेक सक्तीच्या भरतीतलेच, काही महिन्यांच्या शिकवणीनंतर फिती लावलेले. मुरलेला नायक-हवालदार वर्ग तयारच झाला नाही. त्यामुळे जे काम इतरत्र कॉर्पोरल करतो ते तिथे तरुण अधिकाऱ्याला करावं लागतं, आणि बराकीत जुन्या जवानांनी नव्यांना छळायची रीत पडली. मधला विश्वासाचा माणूस नसला की त्याची जागा दंडेली घेते.

आता उणिवा. हा फितींचा तक्ताच नीट केलेला नाही. एका फितीसमोर एक, दोनसमोर दोन अशा ओळी जुळवल्यात, पण अमेरिकी लष्करात एक फीत म्हणजे भरतीनंतर काही महिन्यांतला प्रायव्हेट, लान्स नायकाच्या बरोबरीचा नव्हे. शिवाय त्यांच्या फितींचं टोक वर असतं, आपलं आणि ब्रिटिशांचं खाली. फळ्यावर सगळी टोकं खालीच. मरीनचा लान्स कॉर्पोरल एनसीओच्या रकान्यात बसवलाय आणि तोंडाने मात्र बरोबर सांगितलं. मी निघताना हे सांगितलं, हवालदार-उस्तादांनी वहीत टिपून घेतलं.

उशिरा येणाऱ्यांना मुरैन्याचे उस्ताद पहिल्या सकाळी रगडा देत होते, बैठका वगैरे. आमच्यात एक लीडर पन्नाशीचे आहेत, गुडघा दुखणारे. मी मध्ये पडले. ते लगेच थांबले आणि पुढे कुणालाच दिला नाही, हे चांगलं. पण जो वर्ग दंडेलीविरुद्ध इतकं चांगलं शिकवतो त्याने हे आधीच काढून टाकायला हवं होतं.

बायकांसाठी स्वच्छतागृह एकच, शेडपासून लांब. पावसाळ्यात ओढ्याचा सराव होत नाही आणि तो नसेल तर वर्ग अर्धा. दिलेली पुस्तिका हिंदीत, छपाई फिकट, पण मजकूर कामाचा. हुकूम देण्याच्या क्रमाचं पान आमच्या लीडरांनी लॅमिनेट करून घेतलंय. शिकवणं हिंदीत, मराठी माणसांशी मराठीत. माणशी ३,२०० रुपये, जेवण-नाश्ता धरून. पिथमपूरहून गाडी आपली. हॉटेलातल्या एका दिवसाला आम्ही याहून जास्त मोजत होतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे वरच्या साहेबांसाठी यात एकही तास नाही. आमचे लीडर परत आले ते बदलून आले. पाळीच्या सुरुवातीला आता पाच मिनिटं हुकूम होतो, शेवटी “कोई शक?” विचारून खरंच थांबतात, आणि माणसं प्रश्न विचारतात. थप्पीखालचा पाट काढून ती खाली आणली. हातमोजे महिन्यातून एकदा कांबळ्यावर मांडले जातात. पण परवा एका लाइनवर पत्र्याला भेग दिसली, लीडरने लाइन थांबवली, आणि वरून फोन आला की कुणाला विचारून थांबवली. तो मुलगा दिवसभर खाली मान घालून फिरत होता. मला ते बघवलं नाही. ज्याला माणसं दिली त्याला थांबवायचा अधिकारही दिला पाहिजे; कोणत्याही पलटणीत सेक्शनची जबाबदारी आणि सेक्शनचा हुकूम एकाच माणसाकडे असतो. आम्ही आता अपघाताच्या भीतीपुरता हा अधिकार लेखी मिळवलाय. मालाच्या दर्जासाठी अजून भांडण चालू आहे.

म्हणून कुणी आपली माणसं पाठवणार असेल तर आधी कंपनीकडून एवढं लिहून घ्या की परत आल्यावर लीडरला लाइन थांबवता येईल आणि त्याचा जाब त्याच दिवशी चारचौघांत विचारला जाणार नाही. हवालदार-उस्तादांनाही मी साहेबांसाठी अर्ध्या दिवसाचा तास सुरू करायला सांगितलंय, ते म्हणाले, “ताई, एखादा कॅप्टनसाहेब निवृत्त होऊन बरोबर आला तर करतो.” महूच्या बाजारात वर्दी शिवणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारलं तर त्यांचा ठावठिकाणा मिळतो. तुकडी वीस जणांची, त्याहून कमी असेल तर ते दुसऱ्या कारखान्याबरोबर जोडतात. दिवाळी ते होळी हे दिवस उत्तम. सोबत पाण्याचा मग, ताट, कामावरचे बूट न्या, आणि लाइनवरच्या प्रत्येकाचे वापरलेले हातमोजे, आत नाव घालून.